वाण कळला, म्हणून गुण कळला का?

पालकसभा आटोपून, मुलाचं प्रगतिपुस्तक हातात घेऊन बाहेर पडलो तर शाळेच्या व्हरांड्यात एक टेबल मांडलेलं. मागे फ्लेक्स, टेबलावर बोटांचे ठसे घ्यायचं यंत्र आणि शेजारी झाकणाच्या छोट्या प्लास्टिक नळ्या. टाय लावलेला एक तरुण समजावून सांगत होता: मुलाचे ठसे द्या, किंवा 'डीएनए पॅकेज' हवं असेल तर या नळीत थोडी लाळ द्या. पंधरा दिवसांत अहवाल घरपोच. मूल गणिताचं की कलेचं, पुढारपण करणारं की सांगितलेलं ऐकणारं, तापट की सोशिक, सगळं त्यात. मग दहावीनंतर जेईई की नीट हा घोळच नको. किंमत चार आकडी, शाळेमार्फत नोंदणी केली तर सवलत.

माझ्या पुढे एक आजोबा होते, नातवाला घेऊन आलेले. काटोलकडचे संत्रा बागायतदार. त्यांनी नळी हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "काहो भाऊ, थुंकीतून डॉक्टर निघते काय? पोट्टं इथंच उभं हाय, त्यालेच इचारा ना, तुले काय आवडते म्हणून." सगळे हसले. टायवालाही हसला. रांग मात्र हलली नाही.

रांगेतल्या लोकांना मी नावं ठेवणार नाही. सगळे शिकलेसवरलेले होते, एक बाई तर स्वतः डॉक्टर. आणि ज्या समजुतीवर ते टेबल उभं होतं ती काही त्या कंपनीनं नागपुरात आणलेली नाही. सोयरीक करताना आपण आधी घराणं पाहतो. 'खाण तशी माती' म्हणतो, 'स्वभावाला औषध नाही' म्हणून हात झटकतो. आणि त्याच तोंडानं 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' असंही म्हणतो. या शेवटच्या म्हणीचा मला फार आदर वाटतो. तिथे वाण म्हणजे रंग. पण बियाण्याच्या दुकानातही आपण वाणच विचारतो, म्हणून शब्द चपखल बसतो. वाण आणि गुण या दोन गोष्टी आहेत, हे कुठल्याशा शेतकऱ्याला बैल बांधता बांधता कळलं होतं. त्या टेबलावर नेमकी हीच गल्लत विकली जात होती.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. स्वभावावर आणि वागण्यावर जनुकांचा असर असतो, तो किरकोळही नसतो, आणि हे नाकारणं हा अडाणीपणा आहे. पण त्या असरावरून समोरच्या एका मुलाचं, एका स्थळाचं, एका आरोपीचं भाकीत करता येत नाही. म्हणून शाळेनं, पोलिसांनी, कोर्टानं माणूस जोखताना जन्माचा दाखला पुढे करू नये, मग तो जातीचा असो की डीएनएचा.

आता असर असतो म्हणजे काय, ते पाहू. या विषयाचा कणा म्हणजे जुळी भावंडं. एकाच फलित अंड्यातून झालेली जुळी जनुकांनी जवळजवळ तंतोतंत सारखी. दोन अंड्यांतली जुळी साध्या भावंडांइतकीच, म्हणजे सरासरी निम्मी. पहिल्या प्रकारच्या जोड्या दुसऱ्या प्रकारापेक्षा स्वभावानं किती जास्त सारख्या निघतात, त्यावरून आनुवंशिकतेचा वाटा काढतात. २०१५ साली अशा पन्नास वर्षांच्या अभ्यासांची एकत्र गोळाबेरीज प्रसिद्ध झाली. २,७४८ शोधनिबंध, १७,८०४ गुणलक्षणं, जुळ्यांच्या जवळपास दीड कोटी जोड्या. सरासरी वाटा निघाला ४९ टक्के. बुजरेपणा, चिडखोरपणा, नेटानं काम करणं, चटकन उदास होणं, यांचे आकडे साधारण चाळीस ते पन्नासच्या घरात असतात.

अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात थॉमस बूचर्ड यांनी १९७९ पासून जन्मतः ताटातूट झालेल्या जुळ्यांचा अभ्यास केला. त्यातले 'जिम जुळे' जगभर गाजले. चार आठवड्यांचे असताना वेगळे झालेले, एकोणचाळिसाव्या वर्षी भेटलेले, दोघांचंही नाव जिम, दोघांचीही पहिली बायको लिंडा आणि दुसरी बेटी. ही गोष्ट सांगताना लोकांचे डोळे मोठे होतात. माझे होत नाहीत. लिंडाशी लग्न करण्याचं जनुक नसतं, आणि त्या काळच्या अमेरिकेत लिंडा पैशाला पासरी होत्या. त्या अभ्यासातली खरी दखल घेण्याजोगी गोष्ट कमी चटकदार आहे: वेगळ्या घरांत वाढलेल्या जुळ्यांचे स्वभाव एका घरात वाढलेल्या जुळ्यांइतकेच सारखे निघाले. म्हणजे आपण 'वळण लावलं, संस्कार केले' असं जे छाती फुगवून सांगतो, त्याचा हिशेब जरा बेतानं मांडायला हवा. दोन मुलांचा बाप म्हणून मला हे पटायला वेळ लागला. एकाच ताटात जेवलेली दोघं, एक उंबरठ्यावर आलेल्या कुणाशीही गप्पा मारतो आणि दुसरी पाहुणे आले की आतल्या खोलीत.

मग त्या टायवाल्याचं चुकलं कुठे? ४९ टक्के म्हणजे निम्मं भविष्य नळीत आहेच की!

इथेच मला संत्री आठवतात. शाळेसमोरच्या टपरीवर त्या आजोबांशी चहा घेताना बागेचा विषय निघाला. साडेतीनशे झाडं, सगळी एकाच मातृवृक्षाची: जंबेरी लिंबाचा खुंट, त्यावर संत्र्याचा डोळा भरलेला. जनुकांच्या हिशेबानं पाहिलं तर हे एकच झाड साडेतीनशे जागी उभं आहे. तरी ओढ्याकडच्या ओळीत पाणी साचतं म्हणून तिथे डिंक्या रोग. मधल्या काळ्या जमिनीत झाडं पसरलेली. मुरमाड टोकाला खुरटलेली. आणि एकाच झाडाचं आंबिया बहाराचं फळ वेगळं, मृगाचं वेगळं. आता या बागेत कुणी विचारलं, की झाडाझाडांतल्या फरकात आनुवंशिकतेचा वाटा किती, तर उत्तर येतं शून्य. कारण वाण सगळीकडे एकच आहे, फरक पडला तो जमिनीनं आणि पाण्यानं. मग संत्र्याचं संत्रेपण जनुकांतून येत नाही असं म्हणायचं का? येतंच. आजोबांच्या झाडांना कधी लिंबं लागली नाहीत.

उलट करून पाहा. एकाच सपाट, एकसारख्या जमिनीत संत्रा, मोसंबी, लिंबू, जंबेरी अशी सरमिसळ लावा, सगळ्यांना मोजून सारखं पाणी, सारखं खत द्या. आता फरकातला आनुवंशिकतेचा वाटा शंभराच्या जवळ जाईल. संत्र्याचं झाड तेच, त्याची जनुकं तीच, टक्का मात्र शून्यावरून शंभरावर. तो टक्का बागेचा असतो. एका झाडाकडे बोट दाखवून 'याचं एवढं टक्के वाणामुळे' असं म्हणताच येत नाही. आणि बाग बदलली की टक्काही बदलतो.

माणसांत हे दिसलेलं आहे. एरिक टर्कहायमर आणि सहकाऱ्यांनी २००३ साली सात वर्षांच्या अमेरिकी जुळ्यांचा अभ्यास छापला. सुस्थितीतल्या घरांत बुद्ध्यांकाच्या फरकांत जनुकांचा वाटा मोठा होता. अगदी गरीब घरांत तो जवळजवळ शून्यावर आला आणि सुमारे ६० टक्के फरक घरच्या परिस्थितीनं पडलेला निघाला. पाणीच पुरेसं नसेल तर वाण चांगला की साधा, हे कळणार कसं? उंचीचंही तसंच. एकाच समाजात, एकाच काळात मोजलं तर उंचीतल्या फरकाचा सुमारे ८० टक्के भाग आनुवंशिक निघतो. तरी दक्षिण कोरियातल्या बायका शंभर वर्षांत सरासरी २० सेंटिमीटरनं उंचावल्या. त्यांची जनुकं शंभर वर्षांत बदलली नव्हती, ताटातलं जेवण बदललं होतं.

आजोबांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती शाळेच्या फळ्यावर लिहावी अशी आहे. बहार धरायचा तर झाडाला ताण द्यावा लागतो, पाणी तोडावं लागतं. पण हलक्या जमिनीत थोडेच दिवस, भारी जमिनीत जास्त. "जमीन न पायता ताण देल्ला त झाड वाळते." कोचिंग क्लासच्या नगरीत हे वाक्य ऐकताना मी चहाचा कप तसाच हातात धरून बसलो.

विदर्भात जनुकांविषयी कुणी शंका घेऊच शकत नाही, कारण सिकलसेल आपल्या घरात आहे. नागपूरच्या मेयो किंवा मेडिकल रुग्णालयाच्या ओपीडीत हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. हिमोग्लोबिनच्या एका जनुकात एक अक्षर बदलतं, आणि तांबडी पेशी गोल असायची ती विळ्यासारखी वाकते. आई आणि वडील दोघं वाहक असले तर प्रत्येक बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. इथे रक्त तपासून भाकीत करता येतं, आणि केलंच पाहिजे. जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारनं सिकलसेल निर्मूलनाचं अभियान सुरू केलं, २०४७ चं उद्दिष्ट ठेवून. लग्नाआधी पत्रिका नाही पाहिली तरी चालेल, हा तपास करा, असं मी ओळखीतल्या प्रत्येक घरी सांगतो.

पण हेही लक्षात घ्या: एवढ्या सरळ, एका अक्षराच्या दोषातही दोन सख्ख्या भावांचा आजार सारखा नसतो. एक महिन्याआड भरती होतो, दुसरा नोकरी करतो. इतर जनुकं, जंतुसंसर्ग, हायड्रॉक्सियुरियाची गोळी वेळेवर मिळणं, अंगात पाणी राहणं, सगळं मध्ये येतं. जिथे एकच अक्षर आहे तिथे ही गत, तर तापटपणाचं काय सांगावं?

कारण तापटपणाचं एक जनुक नाही. शोधून पाहिलं, सापडलं नाही. २००३ साली एका जनुकाचा फार गाजावाजा झाला. ज्यांच्यात त्याचं आखूड रूप आहे ते आयुष्यातल्या धक्क्यांनी नैराश्यात जातात, असा न्यूझीलंडमधल्या ८४७ तरुणांच्या अभ्यासाचा निष्कर्ष होता. पुढे त्यावर शेकडो निबंध लिहिले गेले. २०१९ मध्ये लाखो लोकांची माहिती घेऊन अशी अठरा गाजलेली जनुकं एकदम तपासली, तेव्हा एकही टिकलं नाही. आज माहीत आहे ते असं की स्वभावामागे हजारो जागी हजारो बारीक फरक असतात, प्रत्येकाचा हिस्सा चिमूटभर. ११ लाख लोकांच्या डीएनएवरून २०१८ मध्ये माणूस किती वर्षं शिकेल याचा अंदाज देणारा 'स्कोअर' बांधला, तेव्हा तो युरोपीय वंशाच्या लोकांतला ११ ते १३ टक्के फरक सांगू शकला. आफ्रिकी वंशाच्या अमेरिकनांकडे नेला तर दोन टक्क्यांच्याही खाली आला. तो स्कोअर महाल-इतवारीतल्या पोराला लावायचा म्हणजे लंडनच्या हवामानखात्याचा अंदाज ऐकून नागपुरात छत्री घेण्यासारखं.

आणि त्या ११ टक्क्यांतही एक गंमत लपलेली आहे. आइसलँडमधल्या संशोधकांनी २०१८ मध्येच आईबापांची जी जनुकं मुलांकडे गेलीच नाहीत त्यांचा हिशेब केला. त्या न दिलेल्या जनुकांचाही मुलाच्या शिक्षणावर परिणाम दिसला, दिलेल्यांच्या सुमारे ३० टक्के. कसा? घरातून. वाचणारे आईबाप घरात पुस्तकं ठेवतात, रात्री गोष्ट सांगतात. म्हणजे डीएनएच्या आकड्यातही ढवळ्याशेजारचा पवळ्या आहेच.

बोटांच्या ठशांबद्दल तर बोलायलाच नको. गर्भात असतानाच बोटांवरच्या रेषा ठरतात, एवढ्या एका खऱ्या वाक्यावर बुद्धिमत्तेचा अख्खा बाजार उभा केला आहे. देशातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनंच त्याला शास्त्रीय आधार नाही असं सांगितलेलं आहे. हस्तसामुद्रिकाला निदान स्कॅनरचं सोंग लागत नव्हतं.

चूक फक्त चार हजार रुपयांची असती तर मी एवढं लिहिलं नसतं. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यामागचं तर्कट असं: या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर, तर चोराचा चोरच होणार. जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरल्या. नाव नोंदवा, हजेरी द्या, परवान्याशिवाय गाव सोडू नका. हा कायदा स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं राहिला, १९५२ मध्ये गेला. डोक्यातून गेला नाही. विदर्भातल्या पारध्यांना विचारा: गावात चोरी झाली की जीप आधी कुठल्या बेड्याकडे, म्हणजे वस्तीकडे, वळते. अमरावती जिल्ह्यात मतीन भोसले यांनी फासेपारधी मुलांसाठी आश्रमशाळा काढली, तिचं नाव 'प्रश्नचिन्ह' ठेवलं. प्रश्न कुणाला विचारला आहे, हे नावात सांगितलेलं नाही. मला तो आपल्याला विचारलेला वाटतो.

'गुण रक्तात असतात' या वाक्याचं शास्त्र करण्याची हौसही जुनीच. फ्रान्सिस गाल्टननं १८८३ मध्ये 'युजेनिक्स' (निवडून 'चांगला' वंश वाढवणं) हा शब्द घडवला आणि पुढे आपल्याकडच्या विद्वानांना जातिव्यवस्थेसाठी नवा वकील मिळाला: जाती म्हणजे पूर्वजांनी केलेलं वंशसंवर्धन! त्याची साल बाबासाहेबांनी १९३६ मध्ये काढली, लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि करू न दिलेल्या भाषणात. त्यांचा प्रश्न साधा होता. बेटीबंदी रक्त शुद्ध ठेवायला आहे असं क्षणभर धरू, मग रोटीबंदी कशाला? एका पंगतीत जेवल्यानं रक्त कसं बिघडतं? आणि शतकानुशतकं वंश सुधारत आणला असेल तर ही प्रजा एवढी खुरटी, दमानं कमी, सैन्यभरतीत नापास होणारी का? वीस वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, याच शहरात लाखो लोकांनी जन्मानं चिकटवलेला गुण अंगावरून उतरवून ठेवला. त्यांची जनुकं त्या दिवशी बदलली नव्हती. पुढच्या दोन पिढ्यांत त्या घरांतून निघालेले प्राध्यापक, डॉक्टर, अधिकारी मोजायला नागपूरकराला जनगणनेची गरज नाही, गल्लीतून चक्कर मारली तरी पुरते.

इथवर वाचून माझे काही पुरोगामी मित्र खूश झाले असतील. त्यांच्याशीही माझं भांडण आहे. जनुकांचं नाव काढलं की त्यांना मनुस्मृतीचा वास येतो, आणि मग सगळं खापर संगोपनावर फुटतं. संगोपन म्हणजे व्यवहारात आई. गेल्या शतकाच्या मध्याला पाश्चात्त्य मानसशास्त्रात मूल स्वमग्न (ऑटिझम असलेलं) असण्याचं कारण 'थंड काळजाची आई' असं सांगत. किती बायकांनी हा ठपका जन्मभर वाहिला असेल! तो उतरायला सुरुवात झाली ती १९७७ मध्ये, सुसान फोलस्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या अवघ्या २१ जोड्या तपासल्या आणि आजाराचं मूळ बरंचसं आनुवंशिक आहे हे दाखवलं तेव्हा. आजही मूल उशिरा बोललं की सासू सुनेकडे पाहते. तिथे जनुकशास्त्र सुनेच्या बाजूनं उभं राहतं, आणि ते तसं उभं राहावं अशी माझी इच्छा आहे.

मानसिक आजाराचंही तेच. आमच्याकडे मनोरुग्णालयाला अजून सर्रास पागलखाना म्हणतात, आणि तिथे कुणी भरती असेल तर मुलींची लग्नं होईपर्यंत घरात त्याचं नाव निघत नाही. स्किझोफ्रेनियात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे खरं. पण तंतोतंत सारख्या जुळ्यांतही एकाला तो झाला तर दुसऱ्याला होण्याची शक्यता निम्मी किंवा त्याहूनही कमीच, आणि आई किंवा वडील यांपैकी एकाला असला तरी दहातल्या सुमारे नऊ मुलांना तो होत नाही. ज्या मामानं 'घराण्यात वेड आहे' म्हणून स्थळ मोडलं, त्याला हा नऊचा आकडा कुणी सांगितला नव्हता.

कोर्टातही हा खेळ पोचला आहे. इटलीत त्रिएस्तेच्या अपील न्यायालयानं २००९ मध्ये एका खुन्याची शिक्षा एका वर्षानं कमी केली. त्याच्यात आक्रमकपणाशी जोडलेलं जनुक आहे, हे एक कारण. मला हा निकाल दयेचा वाटत नाही, धोक्याचा वाटतो. आज जनुक आहे म्हणून वर्ष कमी, तर उद्या दुसरा न्यायाधीश म्हणेल जनुक आहे म्हणून सोडूच नका. १८७१ चं दार पुन्हा उघडायला एवढं पुरेल.

अमेरिकेत २००८ च्या कायद्यानं आरोग्य विमा आणि नोकरीत जनुकीय माहितीवरून भेदभाव करायला बंदी आहे. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही, आणि लाळ मात्र शाळेच्या व्हरांड्यात गोळा होते आहे. ती नळी कुठे जाते, अहवाल किती वर्षं कुणाकडे राहतो, बारा वर्षांच्या मुलाच्या वतीनं कुणी हो म्हटलं? उद्या त्याच मुलाला विमा नाकारला तर? मला सरकारकडून मोठं काही नको. शिक्षण खात्यानं एक परिपत्रक काढावं: शाळेच्या आवारात मुलांच्या 'जन्मजात क्षमते'च्या चाचण्या विकायच्या नाहीत, आणि असल्या अहवालावरून तुकडी किंवा शाखा ठरवायची नाही. सिकलसेलची तपासणी मात्र जरूर करा, सरकारी खर्चानं, माहिती गुप्त ठेवून.

आमच्या शाळेला अकरा पालकांच्या सह्यांचं पत्र दिलं आहे. मुख्याध्यापिकांनी ते ठेवून घेतलं, 'बघू' म्हणाल्या. सहीसाठी त्या आजोबांनाही फोन केला होता. कळलं की त्यांच्या मुलानं त्याच दिवशी मागाहून येऊन पैसे भरले होते, आणि अहवालही आला होता. नातवाला 'निसर्गाची नैसर्गिक ओढ' आहे असं त्यात रंगीत अक्षरांत छापलंय म्हणे.

"हे त मी फुकटात सांगतलं असतं," आजोबा म्हणाले. "सुट्टी लागली का पोट्टं बागेतच रायते."